ती नुसती शिकारीची चित्रं नाहीत

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला दक्षिण आफ्रिकेतल्या ड्रॅकन्सबर्गच्या डोंगरांवरचा प्रवासलेख वाचला. फोटो सुंदर होते, पण सान लोकांच्या (शिकार आणि कंदमुळांवर जगणारे तिथले मूळ रहिवासी) कातळचित्रांना 'आदिमानवाने काढलेली शिकारीची चित्रे' एवढ्या एका ओळीत उरकून टाकलंय ते वाचून फार वाईट वाटलं, म्हणून लगेच लिहायला बसले.

पहिलं म्हणजे आदिमानव कुठले? त्याच डोंगरात घोडे, बंदुका, गोरे स्वार रंगवलेलेही सापडतात, म्हणजे एकोणिसाव्या शतकातसुद्धा ही माणसं चित्रं काढत होती.

आणि शिकार म्हणाल तर त्याच डोंगरातल्या काम्बर्गजवळच्या गेम पास शेल्टर या कातळाच्या कपारीतलं एकच चित्र नीट बघा. त्यात एक ईलंड आहे (सानांचा सगळ्यात लाडका प्राणी, भलंमोठं हरीणच म्हणा ना), त्याची मान खाली गेलीये, केस उभे राहिलेत, मागचे पाय एकमेकांत अडकलेत, म्हणजे तो मरतोय. त्याची शेपूट धरून मागे एक माणूस आहे आणि त्याचेही पाय अगदी तस्सेच एकमेकांवर, वर त्याला खूर आहेत! नुसती शिकार दाखवायची असती तर शिकाऱ्याला खूर कशाला काढले असते?

याचा अर्थ लागला तो नाचातून. कलाहारीतले सान अजूनही रात्ररात्र नाचतात, बायका शेकोटीभोवती बसून टाळ्या वाजवत गातात, पुरुष त्यांच्याभोवती फेर धरतात, आणि नाचता नाचता अंगातली शक्ती पोटातून उसळून पाठीच्या कण्यातून वर चढते असं ते सांगतात, मग माणूस थरथरतो, वाकतो, घामाने भिजतो, कोसळतो, आणि त्या अवस्थेत आजाऱ्यांवर हात ठेवून आजार ओढून काढतो. पूर्वी दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातल्या सानांत तेव्हा नाकातून रक्तही यायचं, आणि नाकातून रक्त येणारी, कमरेत वाकलेली माणसं कातळावर जागोजागी आहेत. विषारी बाण लागलेला ईलंडही असाच लडखडतो, घामेजतो, कोसळतो. कातळचित्रांचे अभ्यासक डेव्हिड लुईस-विल्यम्स यांनी हे दोन्ही शेजारी ठेवून दाखवलं की ईलंडचं मरण आणि नाचून आजार काढणाऱ्या वैद्याचं त्या अवस्थेत जाणं हे सानांच्या लेखी एकच आहे. सगळ्याच चित्रांना हा अर्थ लावावा का यावर अभ्यासकांत वाद आहेत, पण या चित्रापुरतं तरी मला ते शंभर टक्के पटतं.

शिवाय हे सगळं अभ्यासकांच्या डोक्यातूनच आलंय असंही नाही. 1873 मध्ये आजच्या लेसोथोतल्या मालोटी डोंगरात क्विंग नावाच्या तरुण सानाने ऑर्पेन या ब्रिटिश अधिकाऱ्याला हरणाच्या डोक्याच्या माणसांची चित्रं दाखवली आणि सांगितलं की ही मेलेली माणसं आहेत, आता नदीत राहतात. त्याच दशकात केपटाऊनला काब्बो नावाचा सान कैदी शिक्षा संपल्यावरही घरी न जाता थांबला, का तर भाषेचे अभ्यासक ब्लीक आणि ल्युसी लॉइड यांना आपली भाषा नि गोष्टी लिहून घेता याव्यात म्हणून. त्या वह्यांची जवळपास 12,000 पानं आहेत. ती भाषा बोलणारं आज कुणीच उरलेलं नाही, पण दक्षिण आफ्रिकेने 2000 साली नवीन राजचिन्ह केलं तेव्हा त्यावरचं ब्रीद याच भाषेत लिहिलं आणि मधली दोन माणसं सानांच्या एका चित्रातूनच घेतली. ज्या लोकांना गोळ्या घालून त्यांच्याच भूमीतून हुसकलं त्यांची भाषा आज देशाच्या राजचिन्हावर आहे, हे वाचताना मला भरून येतं.

एक गोष्ट मात्र कृपया लगेच दुरुस्त करा. लेखात 'चित्रावर थोडं पाणी शिंपडलं की रंग उठून दिसतात' अशी टिप दिलीय. असं अजिबात करू नका! पाण्याने रंग सुटतो, क्षार वर येतात आणि चित्रं कायमची पुसट होतात, आणि तिथे 1999 च्या वारसा कायद्याखाली चित्रांना इजा करणं गुन्हा आहे. शिवाय सानांसाठी तो दगड म्हणजे आत्म्यांच्या जगावरचा पडदा होता असं मानतात, काही ठिकाणी प्राणी कातळाच्या भेगेतून अर्धेच बाहेर आलेले रंगवलेत ते म्हणूनच. पुढच्या रविवारी त्याच पानावर खुलासा छापा, आणि जागा असेल तर गेम पासचं ते चित्रही मोठं छापा, खूर दिसतील एवढं.

आपली,
एक नियमित वाचक