शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र : प्रगत गणिताच्या वर्गाला अर्ज कशाला?

मा. शिक्षणमंत्री यांस,

स. न. वि. वि.

सहावी ते आठवीसाठी प्रगत गणिताचे वर्ग वाढवा, ही मागणी आपल्याकडे याआधीही आली असेल. माझीही तीच आहे. पण वर्ग किती वाढवायचे, याच्या आधी त्यांत बसणार कोण, हे ठरवा.

बहुतेक ठिकाणी ते दोन गोष्टींवर ठरते : शिक्षकाची शिफारस किंवा पालकांचा अर्ज. अर्ज तेच पालक करतात, ज्यांना असा वर्ग असतो हे मुळात ठाऊक असते. शिफारशीबद्दल तर मी स्वतःच कबुली देतो. वर्षानुवर्षे गणित शिकवताना मी नावे सुचवली ती नेटक्या वह्यांची आणि पटकन वर होणाऱ्या हातांची.

एकदा एक सप्तमांश दशांशात लिहायला दिला होता. ०.१४२८५७, आणि पुन्हा १४२८५७. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हे सहा अंकांनीच का परत येतात? आठ का नाहीत?" मी म्हणालो, "तसेच असते, पुढचे गणित घ्या." घरी गेल्यावर लाज वाटली, कारण उत्तर दोन ओळींचे आहे. सातने भागताना भाग संपलाच नाही तर बाकी १ ते ६ यांपैकीच काहीतरी उरणार. सहा बाक्या होऊन गेल्या की सातवी आधीचीच असणार, आणि बाकी तीच आली की पुढचे अंकही तेच. दुसऱ्या दिवशी हे सांगितले, तर तो म्हणाला, "मग तेराला बारा अंक यायला हवेत." येत नाहीत, तिथेही सहाच येतात : ०.०७६९२३. पुढचे दोन तास आम्ही तेच करत बसलो. या मुलाचे चाचणीतले गुण बेताचे होते, कारण वजाबाकीत चुका. माझ्या शिफारशीच्या यादीत तो नव्हता.

असे एकाच शिक्षकाच्या हातून घडते असे नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका मोठ्या शालेय जिल्ह्याने शिफारशींवर विसंबणे थांबवून दुसरीच्या सगळ्याच मुलांची प्राथमिक चाचणी घेतली. विशेष वर्गांसाठी पात्र ठरणाऱ्यांत गरीब आणि अल्पसंख्याक घरांतली मुले लक्षणीय वाढली. पुढे पैशांअभावी ती चाचणी बंद पडली आणि प्रमाण पुन्हा घसरले. मुले तीच होती, शोधणे तेवढे थांबले होते. टेक्सासने २०२३ मध्ये कायदाच केला : पाचवीच्या राज्य परीक्षेत वरच्या ४० टक्क्यांत आलेले मूल सहावीत आपोआप प्रगत गणितात जाते. नको असेल तर पालकांनी तसे कळवायचे. अर्ज लागतो तो बाहेर पडायला. मला ही उलटापालट फार आवडते.

याच्या विरुद्धचा प्रयोगही झाला आहे. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये समानतेच्या नावाखाली आठवीतले बीजगणित सर्वांसाठीच काढून टाकले. हेतू वाईट नव्हता. पण ज्यांना परवडत होते त्यांनी ते बाहेर शिकवून घेतले, बाकीच्यांचे राहून गेले. मार्च २०२४ मध्ये तिथल्या मतदारांनी मोठ्या बहुमताने ते परत आणण्याच्या बाजूने कौल दिला.

तेव्हा माझी विनंती अशी. पाचवीच्या शेवटी प्रत्येक मुलाची चाचणी घ्या आणि तीत निदान दोन प्रश्न असे ठेवा, ज्यांत आकडेमोड थोडी आणि "का?" जास्त असेल. नुसत्या गुणांवर गाळलेत तर माझा मागच्या बाकावरचा मुलगा पुन्हा सुटेल. जे निवडले जातील ते आपोआप वर्गात. वर्ग शाळेच्या वेळेतच हवा. सुटीनंतर ठेवलात तर धाकट्या भावंडांना घरी न्यायची जबाबदारी असलेली मुले पहिल्याच आठवड्यात गळतील. आणि दर सहामाहीला दार पुन्हा उघडा, कारण अकराव्या वर्षी मंद वाटणारे मूल तेराव्या वर्षी चकित करते.

शिकवायचे काय, हा प्रश्न याहून नाजूक. नववीचे पुस्तक सातवीत उघडणे म्हणजे प्रगत गणित, असा समज पक्का आहे आणि खाजगी क्लासेस त्यावरच चालतात. मुलाला सूत्र दोन वर्षे आधी पाठ होते, एवढेच. सातवीच्याच अपूर्णांकांत, विभाज्यतेच्या कसोट्यांत वर्षभर पुरेल इतके खोल पाणी आहे. पण त्यात उतरायला शिक्षकाला आधी स्वतः भिजावे लागते. दोन दिवसांच्या प्रशिक्षणाने ते होणार नाही. आठवड्यातून एक तासिका शिक्षकांनी एकत्र बसून गणिते सोडवण्यासाठी वेळापत्रकात राखून द्या. अडलेले गणित समोर घेऊन बसण्याची आमचीच सवय मोडली आहे.

तेराचे कोडे मी त्या दोन तासांत पुरते सोडवू शकलो नव्हतो. दहाचा सहावा घात तेराने भागला की बाकी १ उरते, आणि म्हणून बाक्यांचे चक्र सहाव्या पायरीलाच पूर्ण होते, हे मला नंतर सापडले. तोवर तो मुलगा शाळा सोडून पुढे गेला होता.

आपला,
सहावी ते आठवीचा एक गणित शिक्षक