जन्माचा दाखला आणि घराची सनद

फोंडा,
रविवार सकाळ

तीर्थरूप आई-बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर दादाने मागितलेल्या पोर्तुगीज नागरिकत्वाचा विषय काढला की बाबा "जेवलीस का?" एवढंच विचारून फोन आईकडे देतात, आणि आई, तुझा आवाज लगेच भरून येतो. म्हणून लिहायला बसले. शेवटपर्यंत वाचा. बाबांना बारीक अक्षर दिसत नसेल तर आई, तू मोठ्याने वाचून दाखव.

आधी कबुली देते. बाबा, तुम्ही नको म्हणालात तरी गेल्या मंगळवारी मी नोंदणी कचेरीत जाऊन तुमच्या जन्मदाखल्याची नक्कल आणली. दादाने मागितली होती. त्याला अजून पाठवलेली नाही, पण आणली हे लपवून मला झोप लागेना.

तो कागद तुम्ही स्वतः कधी नीट पाहिलाय का? सगळा मजकूर पोर्तुगीज, अक्षर तिरकं आणि फार सुबक. आजोबांच्या नावातला 'श' लिहायला त्यांनी एक्स वापरलाय, त्यामुळे आपला शांताराम पहिल्यांदा ओळखूच येत नाही. कारकुनाने बोट ठेवून दाखवला. जन्म 1949, गाव मये, तालुका डिचोली. खाली सही करणाऱ्याचं नाव फराट्यात हरवलंय. तुम्ही पाळण्यात होता तेव्हाच कोणीतरी तुम्हाला एका परक्या देशाच्या वहीत लिहून ठेवलं, आणि पोर्तुगालच्या कायद्याने ती ओळ अजून जिवंत आहे. 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्या माणसाची नोंद लिस्बनला करता येते, आणि मग त्याच्या मुला-नातवंडांना तिकडचं नागरिकत्व मागता येतं. दादाला ते त्याच्या मुलासाठी हवंय. दोहातली नोकरी किती वर्षं टिकेल याची त्याला खात्री नाही, आणि पोराला युरोपात शिकायला पाठवायचं त्याने मनात घेतलंय.

मी एका वकिलांकडेही जाऊन आले. आपला देश दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे तिकडे नोंद झाली की तुमच्या इथल्या नागरिकत्वावर, मतावर प्रश्न उभा राहू शकतो. तसा वाद अनेकांच्या वाट्याला आलाय. म्हणजे तुम्ही "नाही" म्हणालात त्यात हट्ट नव्हता, त्याला कारण होतं. 'नाही' म्हणायचा हक्क पूर्ण तुमचा आहे, आणि तुमच्या शब्दाशिवाय हा कागद माझ्या कपाटातून बाहेर पडणार नाही.

पण बाबा, तुम्ही दादाला 'देशद्रोही' म्हणालात. तो शब्द मागे घ्या, हे सांगायला मी हे पत्र लिहितेय.

तुमचा राग कुठून येतो ते मला ठाऊक आहे. 18 डिसेंबरला पहाटे डिचोलीचा पूल उडवल्याचा आवाज तुम्ही बारा वर्षांचे असताना ऐकलात. आजोबांनी तुम्हाला उठवून अंगणात नेलं, आणि आजी देव्हाऱ्यापुढे दिवा लावून बसली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत 451 वर्षांचं राज्य संपलं. त्याआधी लग्नपत्रिका छापायची तरी मजकूर सरकारी तपासनिसाला दाखवावा लागे, ही गोष्ट तुम्ही आम्हाला इतक्यांदा सांगितलीत की माझ्या लग्नाची पत्रिका छापून आली तेव्हा तुम्ही ती हातात धरून किती वेळ उभे होता ते मला आजही दिसतं. आजोबा शेजारच्यांच्या माजघरात रेडिओला कान लावून बसायचे. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो आधी आंबोलीच्या आणि मग कॅसलरॉकच्या रानातून 1955 ते 1961 अशी सहा वर्षं मुक्तिलढ्याचं ते गुप्त रेडिओ केंद्र चालवत होते. पकडले गेले असते तर काय झालं असतं हे त्या दोघांनाही ठाऊक होतं, आणि ऐकणाऱ्यांनाही. अशा घरात वाढलेल्या माणसाला मुलगा लिस्बनचा कागद मागतो तेव्हा पोटात कालवणारच.

पण त्याच घराची पुढची गोष्ट आपण सांगत नाही.

19 डिसेंबरला गोवा सुटला. मये सुटलं का? गाव काउंटच्या मालकीचं, त्याच्या घराण्याला पोर्तुगीज राजाने दिलेलं. तो पोर्तुगालला निघून गेला आणि 1964 च्या कायद्याने त्याची मिळकत सरकारी राखणदाराच्या हाती आली. मालक गेला, पण मालकी आपल्याकडे आली नाही. त्याच 1964 साली कुळांसाठी कायदा झाला, 1975 साली मुंडकारांसाठी, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांसाठी झाला. मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या आणि त्यांच्यानंतर शशिकलाताईंच्या काळात आजूबाजूच्या गावांत कसणाऱ्याला आणि राहणाऱ्याला पायाखालची जमीन आपली म्हणता आली. आपल्या गावाला ते कायदे लागले नाहीत. ज्या राजाचं राज्य बुडालं, त्याने दिलेलं दान मात्र आपल्याच स्वतंत्र देशाच्या दप्तरात जपून ठेवलं गेलं. मी शाळेत मुक्तिलढ्याचा धडा शिकवते. दोन वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, गोव्याला 1961 मध्ये स्वातंत्र्य मिळालं, मग आमच्या आजोबांचं घर आमच्या नावावर का नाही?" ती मयेचीच होती. मी फळ्याकडे वळले, कारण मला लगेच उत्तर देता येईना.

आणि दादा का गेला, बाबा? गॅरेज घालायला त्याने कर्ज मागितलं. बँकेने तारणाला घराचे कागद मागितले, आणि कागद नव्हते. तो तीनदा फाईल घेऊन गेला आणि तिन्ही वेळा तशीच परत घेऊन आला. तिसऱ्या दिवशी सोप्यावर बसून त्याने ती फाईल आईच्या हातात दिली, काही बोलला नाही, आणि चार महिन्यांनी विमानात बसला. तेव्हा तुम्हीच म्हणालात की पोराचा दोष नाही. आपल्या देशाने त्याला इथे पाय रोवू दिला नाही म्हणून तो परदेशात गेला. आता तिथूनच तो आपल्या मुलासाठी एक दार शोधतोय, तर आपण त्याला कोणत्या तोंडाने देशद्रोही म्हणायचं?

आई, मला तुझी आठवण येते ती मोर्च्यातली. भू-विमोचनाच्या मोर्च्याला तू भाकरी आणि सुक्या सुंगटांची किसमूर डब्यात बांधून न्यायचीस, चार माणसांना पुरेल एवढी. एकदा पावसात तुझी चप्पल तुटली तर तू दोन्ही काढून पिशवीत टाकल्यास आणि अनवाणी चाललीस. घरी आल्यावर मी तुझ्या टाचेतला काच काढला. तू म्हणालीस, "पायाखालची जमीन आपली नाही म्हणतात, बघ तरी कशी टोचते." तू कधी कुठे भाषण केलं नाहीस, पण राष्ट्र म्हणजे काय हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या वाक्याने जास्त समजावलं. पाहुण्यासारखं राहायचं नाही, हक्काने राहायचं, आणि तो हक्क आपल्याच सरकारकडे मागायला लाजायचं नाही. 2014 साली काउंटची ती जुनी मालकी रद्द करणारा कायदा एकदाचा आला. तरी आपल्या हातात सनद पडेपर्यंत आणखी वर्षं गेली, आणि तोवर बाबांनी सत्तरी ओलांडली होती. त्या दिवशी तुम्ही ती देवासमोर ठेवलीत आणि आधी दादाला फोन लावलात. आठवतं?

आजोबांचीही एक गोष्ट आहे, आजीने मला तिच्या शेवटच्या आजारपणात सांगितलेली. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात आजोबा फुलाचे, म्हणजे विलीनीकरणाचे. महाराष्ट्रात जाणं हेच त्यांना खरं राष्ट्रकार्य वाटायचं. घरोघर फिरले, घसा बसेपर्यंत बोलले. आणि आजीने गुपचूप दोन पानांवर, म्हणजे गोवा वेगळा ठेवायच्या बाजूने शिक्का मारला. "गोवा वेगळा राहिला तर आपल्या माणसांना कचेरी जवळ राहील, मुंबईला कोण जाणार?" एवढाच तिचा हिशेब. दोन पानांना 1,72,191 मतं पडली, फुलाला 1,38,170. म्हणजे 34,021 मतांनी आजोबा हरले, आणि त्यातलं एक मत त्यांच्याच स्वयंपाकघरातलं.

निकालानंतर सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पाव घेऊन आला. तोही दोन पानांचा, आणि सगळ्या वाड्याला ते माहीत. आजी म्हणाली, तिचा श्वासच अडकला. आजोबांनी पाव घेतले, पैसे दिले आणि म्हणाले, "बस, चहा घे." पोदेर बसला. दोघं कशावर बोलले तर आंब्याच्या मोहरावर. पुढे दोन-तीन महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली आणि ज्या लोकांनी विलीनीकरण नाकारलं होतं त्यांनीच विलीनीकरण मागणाऱ्या भाऊसाहेबांच्या पक्षाला पुन्हा निवडून दिलं. लोकांना आपलं मन कळत होतं. आजोबा हरले म्हणून कोणी देशद्रोही ठरलं नाही, ना दोन पानांवाले, ना फुलवाले. तो शब्द आजोबांनी कोणाबद्दलही वापरलेला मी ऐकला नाही, आणि त्यांनी तर खरे शत्रू पाहिले होते.

पोर्तुगालबद्दलही थोडं. आपल्याला छळलं ते सालाझारच्या राजवटीने. तिने तिथल्या माणसांनाही तसंच कोंडलं. गोव्याच्या मुक्तीसाठी लढलेले मोहन रानडे 1969 च्या जानेवारीपर्यंत लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगात होते. त्याच तुरुंगात तिथले स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी झगडणारेही होते. ज्या गव्हर्नर जनरलने सालाझारचा शेवटच्या माणसापर्यंत लढायचा हुकूम न पाळता शरणागती दिली, त्या वासालो ई सिल्व्हाला त्याच राजवटीने सैन्यातून काढून टाकलं. 25 एप्रिल 1974 ला तिथल्या सैनिकांनीच ती राजवट उलथवली, आणि त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचं करारावर सही करून मान्य केलं. दादा ज्या देशाचा कागद मागतोय तो तुमच्या लहानपणीचा पोर्तुगाल नाही. तरी तुम्हाला नको असेल तर नको. मला स्वतःलाही तो नको. मला इथेच शिकवायचं आहे, ग्रामसभेत बोलायचं आहे, आणि आता सनदा हातात आल्या म्हणून जे दलाल वाड्यावर फिरतायत त्यांना दारातून परत पाठवायचं आहे. पण हे मी माझ्यापुरतं ठरवलंय. दादाने तेच ठरवावं असं मी कसं म्हणू?

तुमचा नकार तुम्ही स्वतः दादाला सांगा, माझ्या किंवा आईच्या तोंडून नको. कारण सांगा: माझं मत जाईल, आणि ते मला या वयात घालवायचं नाही. तो समजून घेईल. तुम्ही प्रत्येक निवडणुकीला सकाळी सातला पहिल्या रांगेत उभे असता हे त्याने लहानपणापासून पाहिलंय. फक्त तो शब्द मागे घ्या. तीन महिने त्याच्या घशात तो अडकलाय. वहिनी सांगत होती, तो रात्री उठून बाल्कनीत बसतो.

दादा चवथीला दहा दिवसांसाठी येतोय. तिकीट काढलंय, मला कळवलंय, तुम्हाला फोन करायला धजत नाही. गेल्या वर्षी गणपतीच्या वर फळं बांधतो त्या माटोळीच्या दांड्याला वाळवी लागली होती. आई, तू नवा आणायला कोणाला सांगू नकोस, तो आल्यावर बाबांना बरोबर घेऊन जाईल. बाबा, नारळ आणि कवंडाळं वर बांधायला शिडीवर तुम्ही चढू नका. खाली उभे राहून त्याच्या हातात द्या.

दाखला मी येत्या रविवारी घेऊन येते. तो तुमच्या हातात देईन, पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवा. आई, येताना फोंड्याच्या बाजारातून काय आणू ते कळव.

तुमची,
बाय