आधी स्ट्रिप वाचायला शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तीस वर्षं सरकारी दवाखान्यांत परिचारिका म्हणून काम केलं. निवृत्तीनंतर आता नर्सिंगच्या मुलामुलींना शिकवते. वर्गात ओआरएसचा, म्हणजे जुलाबात द्यायच्या क्षार-साखरेच्या पाण्याचा पाठ झाला, की मी टेबलावर एक पाकीट आणि पाण्याचं भांडं ठेवते आणि म्हणते, "कालवा." सोडियम ७५, ग्लुकोज ७५, ऑस्मोलॅरिटी २४५ हे आकडे घडाघडा म्हणणारी मुलगी पाकीट फोडते, चिमूटभर पावडर पेल्यात टाकते आणि उरलेली पुडी दुमडून ठेवते. पुडा एक लिटर पाण्यात कालवायचा, हे पाकिटावरच छापलेलं असतं. ते वाचावं असं तिच्या मनातही येत नाही, कारण घरी आईला तसंच करताना तिने पाहिलेलं असतं. पाणी कमी पडलं तर क्षार जास्त होऊन बाळाला अपाय होतो, जास्त पडलं तर हवा तसा गुण येत नाही. हे सगळं तिने पेपरात बरोबर लिहिलेलं असतं!

गेल्या पावसाळ्यात वसतिगृहातली एक विद्यार्थिनी तापाने पडली. दर सहा तासांनी पॅरासिटामोल ६५०, शिवाय मधेमधे सर्दीची गोळी. त्या गोळीतही पॅरासिटामोल होतं, स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं. मोठ्या माणसाने दिवसाला चार ग्रॅमच्या वर जाऊ नये, यकृताला इजा होते, हे तिला तोंडपाठ होतं. पण दोन्ही गोळ्यांची बेरीज तिने केली नव्हती. तिच्या पेटीत अँटिबायोटिकच्या अर्धवट सोडलेल्या दोन स्ट्रिपाही निघाल्या, लाल रेघेच्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत अशा. मी मुलीला रागावले नाही. औषध हातात घेऊन वाचायला आम्ही तिला शिकवलंच कधी?

भाषेचंही तसंच. एका विद्यार्थिनीने आजींना सांगितलं, "उद्या फास्टिंगला या." आजींनी उपास धरला आणि सकाळी साबुदाण्याची खिचडी खाऊन आल्या. रक्त घेता आलं नाही. एसटीचं भाडं गेलं, सोबत आलेल्या सुनेचा रोजगार बुडाला. "अनशापोटी या" एवढंच म्हणायचं होतं. ती मुलगी त्याच तालुक्यातली, तिची स्वतःची आजी हाच शब्द वापरते. पण तो दवाखान्यात बोलायचा शब्द आहे, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९पासून संवाद आणि नीतिमूल्यांसाठी 'एटकॉम' हा वेगळा भाग आला, याचं मला मनापासून समाधान आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला माझी विनंती आहे, की नर्सिंग, फिजिओथेरपी, आयुर्वेद अशा सगळ्याच शाखांच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एक खरा रुग्ण किंवा नातेवाईक बसवावा. विद्यार्थ्याने त्याला एक औषध समजावून सांगावं, मग त्या माणसाने स्वतःच्या शब्दांत ते परत सांगावं. गुण द्यायचे ते त्याने काय सांगितलं त्यावर. एका विद्यार्थ्यामागे पाच मिनिटं जातील, ती जाऊ द्यावीत.

माझ्या वर्गापुरतं मी हे सुरू केलं आहे. झाडलोट करणाऱ्या मावशी आमच्या रुग्ण होतात. मागच्या महिन्यात त्यांनी एका मुलीला मधेच थांबवून विचारलं, "जेवणाआधी म्हणजे किती आधी गं?" तिला पुस्तक उघडावं लागलं.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सातारा