दामू, जनरेटर जोडण्याआधी एवढं वाच

फोंडा,
१८ मे

प्रिय दामू,

तुझं पत्र मिळालं. चवथीच्या आत घरी जनरेटर हवा, हे पटलं. सत्तरी तालुक्यात पावसात माड नाहीतर फणसाची फांदी तारांवर पडली की वीज कधी येईल याचा भरवसा नसतो. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर गोव्यातली कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात होती.

पण दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर दुकानातून मिळाली आणि ती सॉकेटमध्ये घातली की घर उजळतं, असं तू लिहिलंस, ते वाचून राहवेना. ती वायर आजच कापून टाक. एक टोक जनरेटरला असताना दुसऱ्या टोकाच्या पितळी पिनांवर उघडे २३० व्होल्ट असतात. त्याहून वाईट म्हणजे ती वीज तुझ्या मीटरमधून उलटी खांबावर जाते. ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो, २३० चे ११,००० व्होल्ट करतो. वीज खात्याचा लाईनमन लाईन बंद करून भर पावसात खांबावर चढलेला असतो आणि त्याच्या हातातली तार तुझ्या अंगणातून जिवंत होते. लोक म्हणतात, एवढा लहान जनरेटर गावाच्या लोडने बंदच पडेल. लाईन जवळच तुटली असेल तर त्या तुकड्यावर लोडच नसतो, जनरेटर खुशाल चालत राहतो. ‘मेन आठवणीने बंद करीन’ यावरही विसंबू नकोस. मध्यरात्री ते काम तूच करशील असं नाही, मुलंही करतील.

म्हणून चेंजओव्हर स्विच बसव. एका बाजूला वीज खातं, मध्ये शून्य, दुसऱ्या बाजूला जनरेटर. दोन्ही एकदम लागूच शकत नाहीत. सिंगल फेजला दोन पोलचा, थ्री फेजला चार पोलचा, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेबरोबर (फेज) परतीची तार, न्यूट्रलही तुटला पाहिजे. जुन्या घरांत चिनीमातीचा किटकॅट फ्यूज फक्त फेजवर असतो आणि न्यूट्रल सरळ पुढे जातो. तिथे फक्त फेज बदलला तर काम अर्धंच झालं.

तुझा जनरेटर २.५ केव्हीएचा, म्हणजे जेमतेम ११ अँपिअर. त्यावर अख्खं घर टाकू नकोस. दिवे, पंखे, फ्रिज, राऊटर आणि माटोळीच्या (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीच्या) माळा यांच्यासाठी वेगळा छोटा डीबी, म्हणजे स्विचची वाटप-पेटी, कर आणि चेंजओव्हर त्याच्या अलीकडे घाल. नेमकी इथेच सगळ्यात जास्त चूक होते. वायरमन या सर्किटांचे फेज नव्या डीबीत आणतो, पण न्यूट्रल जुन्या पेटीतल्या पट्टीवरच (लिंकवर) ठेवतो. मग आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पहिला दिवा लावताच पडतो आणि तो ‘खराब आहे’ म्हणून कोणीतरी काढून टाकतो. आरसीसीबी खराब नसतो, जाणारा आणि येणारा करंट वेगवेगळ्या वाटांनी गेलेला असतो. प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल त्याच्याच फेजबरोबर हलवून घे, समोर उभं राहून.

दुसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊकच नसते. लहान जनरेटरचा न्यूट्रल सहसा कशालाच जोडलेला नसतो, तरंगत असतो. टेस्टर दोन्ही तारांवर मंद पेटला तर समज. अशा वेळी फ्रिजच्या पत्र्यावर फेज आला तरी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी पडत नाही, कारण गळणाऱ्या करंटला परत जायला वाटच नसते. आणि टेस्ट बटण दाबलं तर मात्र पडतो! बटणाचा करंट अर्थमधून (जमिनीत जाणाऱ्या तारेतून) जात नाही, म्हणून बटणावरून इथे काहीच कळत नाही. उपाय असा: जनरेटरच्या पुस्तिकेत मनाई नसेल तर चेंजओव्हरच्या जनरेटरकडच्या टर्मिनलवर न्यूट्रल आणि अर्थ जोडायचे, फक्त तिथेच, एकदाच. वीज खात्याच्या न्यूट्रलला हा जोड लागता कामा नये. हे काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घे आणि अर्थचा रेझिस्टन्स मोजायला सांग. जांभ्या दगडात उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि आकडा चढतो. मे महिन्यात मोजलेला आकडाच खरा मान.

बाहेरच्या भिंतीवर झाकणाचा, निळा १६ अँपिअरचा इंडस्ट्रियल इनलेट (जनरेटरची केबल जोडायचं तोंड) लाव, पिना भिंतीकडच्या भागात असलेला. म्हणजे मोकळ्या टोकाला कधीच वीज उघडी राहत नाही. केबल तीन कोरची, तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटर. अंतर २० मीटरच्या पुढे गेलं तर ४ ची घे. जनरेटरकडे १० अँपिअरचा डीपी एमसीबी, म्हणजे करंट वाढला की दोन्ही तारा एकदम तोडणारा स्विच.

विहिरीच्या एक एचपी पंपाचं विचारलंस. चालताना तो हजार-अकराशे वॉट घेतो, पण सुरू होताना पाच-सहापट करंट ओढतो. तुझ्या जनरेटरवर तो उचलेलच असं नाही. उचललाच तर सगळ्यात आधी, एकटा लाव, मग बाकीचं. गीझर आणि एसी विसर. छतावरच्या सोलरचा ग्रिड-टाय इन्व्हर्टर (वीज खात्याच्या लाईनला जोडून चालणारा) मात्र चेंजओव्हरच्या वीज खात्याकडच्या बाजूलाच राहिला पाहिजे. जनरेटरची वीज दिसली की तो ती ग्रिड समजून उलटी वीज ढकलू लागतो.

सुरू करताना: चेंजओव्हर शून्यावर, डीबीतले एमसीबी खाली, जनरेटर तीन-चार मिनिटं रिकामा. मल्टिमीटरवर २२० ते २४० व्होल्ट आणि ५० ते ५२ हर्ट्झ दिसले की चेंजओव्हर फिरव आणि एमसीबी एकेक वर कर. बंद करताना उलट क्रम. वीज आली तरी दहा मिनिटं थांब, पहिली दोनदा येऊन जाते. वीज खात्याच्या बाजूला एक इंडिकेटर लाव म्हणजे आली ते कळेल.

आणि दामू, जनरेटर बल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) ठेवू नकोस, कितीही पाऊस असो. कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो, रंगही नसतो. खिडक्या-दारांपासून किमान सहा मीटर दूर, धूर घराकडे न येणाऱ्या तोंडाने, वर पत्र्याचं छप्पर पण चारी बाजू मोकळ्या. तापलेला असताना पेट्रोल ओतायचं नाही. समुद्राची खारी हवा तुझ्यापर्यंत कमी पोचते, तरी पावसाळ्यापूर्वी टर्मिनलचे स्क्रू आवळून घे, आणि महिन्यातून एकदा थोडा लोड देऊन पंधरा मिनिटं चालव. बरेच दिवस ठेवायचा असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर सुकेपर्यंत चालू दे.

मीटर बोर्ड, डीबी आणि जनरेटरची नेमप्लेट यांचे फोटो पाठव. पंपाच्या प्लेटवरचा अँपिअरचा आकडाही पाठव, म्हणजे केबलचं नक्की सांगतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मनोहर