चौंडक्याचा मान कलावंतालाही द्या

महोदय,
स्नेहसंमेलनात, वरातीत हल्ली चौंडकं हे तारवाद्य दिसतं. कपाळभर भंडारा फासून देवीला वाहिलेल्या जोगत्याची नक्कल होते, टाळ्याही पडतात. पण सौंदत्तीच्या यल्लम्मासाठी जन्मभर हे वाद्य वाजवणाऱ्यांना मात्र दारातूनच पसाभर जोंधळे देऊन वाटेला लावलं जातं. याची चीड येते. काखेत लाकडी नळकांडं दाबून एका हाताने तार ताणायची, दुसऱ्याने छेडायची; ताण बदलला की स्वर चढतो-उतरतो. ही विद्या आहे! कर्नाटकात १९८२च्या कायद्याने मुलींना देवीला वाहून देवदासी करण्यावर बंदी आली, ते योग्यच झालं; वादन मात्र टिकायला हवं. इतरांनी जरूर शिकावं, पण या पारंपरिक वादकांनाच गुरू मानून. सीमाभागातल्या मंडळांनी येत्या गणेशोत्सवात त्यांना व्यासपीठावर बोलवावं, पत्रिकेत नाव छापावं आणि ढोल-ताशा पथकाइतकीच बिदागी द्यावी.

— एक वाचक, बेळगाव