आल्प्समधील ‘हरित’ हॉटेल कुणामुळे हरित असते?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत आल्प्स पर्वतातील ‘पर्यावरणस्नेही’ आलिशान हॉटेलांविषयी आलेला लेख वाचला. लाकडी भिंती, खिडकीतून दिसणारी शिखरे आणि न्याहारीला शेतावरचे दूध-लोणी यांचे वर्णन त्यात सुरेख होते. परंतु एखादे हॉटेल पर्यावरणस्नेही ठरते ते नेमके कशाने, याविषयी लेखात एक ओळही नव्हती. उत्तर इटलीतील दक्षिण टायरॉल प्रांतात, डोलोमाइट पर्वताच्या कुशीतील फ्यूनेस खोऱ्यात, अशाच एका कौटुंबिक हॉटेलात आम्ही उभयता काही दिवस राहिलो होतो. हे पत्र जाहिरात ठरू नये म्हणून हॉटेलचे नाव देत नाही. तिथे जे पाहिले आणि मालकीणबाईंना विचारून जे समजून घेतले, त्यावरून माझे असे मत झाले आहे की, त्या हॉटेलच्या हरितपणाचे श्रेय हॉटेलमालकांकडे जाते ते थोडेच. मोठा वाटा त्या खोऱ्यातील सहकारी संस्थेचा आणि प्रांताने केलेल्या कायद्यांचा आहे.

ऊर्जेचेच पाहा. फ्यूनेस खोऱ्यातील रहिवाशांनी १९२१ साली वीजनिर्मितीसाठी सहकारी संस्था स्थापन केली आणि ती आजही चालू आहे. डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांवर तिची छोटी जलविद्युत केंद्रे आहेत, शिवाय लाकडाच्या चिपांवर पाणी तापवून ते जमिनीखालच्या नळांतून गावातील इमारतींना पुरवणारी केंद्रेही तीच चालवते. गरजेपेक्षा जास्त झालेली वीज बाहेर विकली जाते. म्हणजे आमची खोली उबदार होती, ती एखाद्या मालकाला पर्यावरणाचा कळवळा आला म्हणून नव्हे, तर गावाने शंभर वर्षांपूर्वी एकत्र येऊन घेतलेल्या निर्णयामुळे. सहकार म्हटले की आपल्याला ऊस आणि दूध आठवते. ऊबही सहकारातून मिळू शकते, हे आम्हा सातारकरांनाही नवे होते.

ही ऊब भिंतींतून बाहेर निसटू नये, याचीही व्यवस्था प्रांतानेच केली आहे. इमारतीला वर्षभरात किती ऊर्जा लागते हे मोजून तिला श्रेणी देणारी ‘कासाक्लिमा’ ही पद्धत प्रांताची राजधानी बोल्झानो येथे २००२ साली सुरू झाली आणि आता हॉटेलांसाठीही तिचे वेगळे प्रमाणपत्र आहे. आपल्या लेखात पाइनच्या लाकडाचा सुगंध दरवळत होता, आणि तो खरोखरच सुखद असतो. परंतु इंधन वाचते ते त्या देखण्या लाकडामागच्या, पाहुण्याला कधीही न दिसणाऱ्या उष्णतारोधक थरामुळे.

खिडकीतून दिसणारी हिरवी कुरणे निसर्गाने आयती दिलेली नाहीत, हेही सांगितले पाहिजे. जनावरे चारणारा आणि गवत कापणारा शेतकरी तिथे टिकला म्हणून ती टिकली. तो टिकावा यासाठी त्या प्रांतात ‘अखंड शेता’चा कायदा आहे: अशी नोंद झालेले शेत वारसांमध्ये तुकडे करून वाटता येत नाही, ते एकाच वारसाकडे जाते, आणि इतर भावंडांना मिळणारा मोबदला जमिनीच्या बाजारभावावर नव्हे, तर शेतीच्या उत्पन्नावर ठरतो. आमच्या यजमानांचे हॉटेल मुळात असेच एक शेतघर होते आणि शेत आजही त्यांच्याकडेच आहे. घरातली तीन पिढ्यांची माणसे स्वागतकक्षापासून गोठ्यापर्यंत राबताना दिसतात, त्याचे मूळ या कायद्यात आहे. वारसाहक्काची आपली कल्पना पाहता भावंडांवर हा अन्यायच म्हणावा लागेल, आणि मलाही हा कायदा पूर्णपणे पटलेला नाही. पण गुंठेवारीने आपल्या डोंगरउतारांची काय अवस्था केली आहे ते रोज पाहत असल्यामुळे, त्याची मनोमन वाहवा केल्यावाचूनही राहवले नाही.

शेत आणि हॉटेल एकाच घरचे असल्याचा लाभ पाहुण्यालाही मिळतो. खोलीतील दुलई फ्यूनेसच्याच मेंढ्यांच्या लोकरीने भरलेली होती. डोळ्यांभोवतीच्या काळ्या वर्तुळांमुळे ‘चष्मेवाली मेंढी’ म्हणून ओळखली जाणारी ही जात एके काळी नामशेष होण्याच्या बेतात होती. मांसाला आणि लोकरीला खोऱ्यातच गिऱ्हाईक मिळाल्याने ती तगली. आम्ही शाकाहारी असल्याने मांसाविषयी काही सांगू शकत नाही, मात्र पालक आणि ताजे चीज भरून केलेल्या ‘श्लुट्झक्राप्फन’ नावाच्या अर्धचंद्राकृती पारीच्या पदार्थाने आमची उत्तम सोय केली. आपल्या करंजीची धाकटी बहीण शोभावी असे ते प्रकरण आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र खाटांची आहे. जेमतेम ५.३ लाख लोकवस्तीच्या या प्रांतात २०१९ साली पर्यटकांचे तीन कोटींहून अधिक रात्रींचे मुक्काम नोंदले गेले होते. रस्ते तुंबले, स्थानिकांना घरे परवडेनाशी झाली, तेव्हा २०२२ मध्ये प्रांतिक सरकारने पर्यटकांच्या खाटांची संख्या साधारण २०१९ च्याच पातळीवर गोठवली. आता कुणी खाटा सोडल्या तरच त्या वाटपासाठी पुन्हा उपलब्ध होतात. व्यावसायिकांचा विरोध झाला, सवलतींवरून वादही झाले, आणि गर्दी ओसरली असे मुळीच नाही. डोलोमाइटमधल्या सेचेदा या प्रसिद्ध ठिकाणी २०२५ च्या उन्हाळ्यात जमीनमालकांनी वैतागून पायवाटेवर फिरते फाटक बसवले आणि प्रत्येकी पाच युरो वसूल करायला सुरुवात केली. तरीही ‘यापुढे वाढ नको’ असे कायद्याने म्हणणारे सरकार मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाही.

प्रवासाचीही व्यवस्था अशीच सार्वजनिक आहे. मुक्कामाबरोबर मिळणाऱ्या पाहुणे-पासावर प्रांतभरातील बस आणि स्थानिक रेल्वे विनाशुल्क वापरता येतात. ‘ब्रेसानोने’ या जवळच्या शहराच्या स्थानकावर उतरून बसने थेट खोऱ्यात जाता येते, त्यामुळे आम्हाला एकदाही मोटार भाड्याने घ्यावी लागली नाही.

आता दुसरी बाजू. हॉटेलच्या अंगणात बाराही महिने गरम ठेवलेला उघडा जलतरण तलाव होता, आणि हिवाळ्यात बर्फ पडत असताना त्यात डुंबण्याची छायाचित्रे भिंतीवर अभिमानाने लावलेली होती. नळाचे पाणी झऱ्यासारखे निर्मळ असताना जेवणाच्या टेबलावर बाटलीबंद पाणी विकत घ्यावे लागत होते. याबाबत विचारले असता मालकीणबाईंनी मोकळेपणाने सांगितले की, तलाव नसेल तर या दरात पाहुणे येत नाहीत. चैन आणि काटकसर यांचा मेळ घालण्याची ही ओढाताण अशा प्रत्येक हॉटेलात असणारच. आणि आम्ही तरी कोणत्या तोंडाने बोलावे? मुंबईहून म्युनिकला विमानाने जाऊन परत येण्यात माणशी सुमारे एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि भारतीय माणसाचे सरासरी वार्षिक उत्सर्जनच दोन टनांच्या आसपास आहे. लोकरीच्या दुलईत कितीही रात्री झोपले तरी हा हिशेब फिटत नाही, आणि आपल्या लेखात विमानाचा उल्लेख होता तो फक्त तिकिटाच्या दरापुरता.

हे सारे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, डोलोमाइट २००९ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला, तर कास पठारासह पश्चिम घाट २०१२ साली. आमच्या जिल्ह्यात घाटरस्त्यांच्या कडेला ‘इको रिसॉर्ट’चे फलक आता जागोजागी दिसतात. डोंगर कापून केलेली सपाटी, टँकरने येणारे पाणी आणि दिवसभर घरघरणारे डिझेल जनित्र यांच्या शेजारीही हा फलक लागू शकतो, कारण तो लावण्यासाठी काही सिद्ध करावे लागते असे कुणाला वाटतच नाही. वास्तविक केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे जारी केली असून, अशा मोघम दाव्यांना पुराव्याची जोड देणे त्यांनुसार आवश्यक आहे. युरोपीय संघाचा याच धर्तीचा निर्देश २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू करण्याचे ठरलेले आहे.

आपल्या पुरवणीचे वाचक सहली ठरवताना तिच्यावर विसंबतात. म्हणून विनंती अशी की, यापुढे देशातील वा परदेशातील कोणत्याही निवासस्थानाला आपण पर्यावरणस्नेही म्हणाल तेव्हा तिथले पाणी कशावर तापते, सांडपाणी कुठे जाते, मोटारीशिवाय तिथे पोहोचता येते का आणि दावा कुणी तपासला आहे, एवढे विचारून छापावे. आणि हॉटेलने उत्तर दिले नाही, तर उत्तर मिळाले नाही असेही छापावे.

आपला विश्वासू,
एक वाचक, सातारा