शेपूट मोकळं!

फोर्ट वर्थ, टेक्सास

प्रिय दिग्या,

परवा फोनवर तू शेजारच्या म्हातारबुवांचं विचारलंस आणि नेमकी तुझी रेंज गेली. म्हणून म्हटलं, सरळ पत्रच लिहावं.

बुवा 1968 साली व्हिएतनाममध्ये, प्लेकूच्या तळावर ह्युई हेलिकॉप्टरवर डोअर गनर, म्हणजे दारातल्या मशीनगनवरचे सैनिक होते. तेव्हा वय वीस. (ह्युई बनवणारी बेल कंपनी इथलीच, गंमत बघ.) शनिवारी गराजमध्ये गवत कापायचं मशीन खोलून बसले होते, मी स्क्रू सांभाळायला. तेव्हा कुठे बोलले.

आपल्याला वाटतं, दारात बसायचं आणि धडाधड गोळ्या झाडायच्या. ते म्हणतात, बंदूक कमी, डोळे आणि तोंड जास्त. पुढे बसलेल्या दोन पायलटांना मागचं दिसत नाही. डाव्या दाराशी क्रू चीफ (हेलिकॉप्टरची देखभाल बघणारा), उजव्या दाराशी गनर. झाडीतल्या वीतभर मोकळ्या जागेत उतरताना शेपटाचा पंखा फांदीला लागला की खेळ खलास. म्हणून पट्ट्याने स्वतःला बांधून घेऊन दोघं अर्धे बाहेर वाकायचे आणि इंटरकॉमवर सांगत राहायचे: ‘उजवीकडे शेपूट मोकळं... अजून खाली... थांब!’ खालचे सैनिक रंगीत धूर सोडायचे. पण रंग कोणता ते वरच्याने ओळखून सांगायचं, खालच्याने नुसतं ‘हो’ म्हणायचं. रेडिओ शत्रूही ऐकत असे ना! रंग आधीच बोललास तर तोही तसलाच धूर सोडणार.

उजाडायच्या आत एम-60 मशीनगन दारावर चढवायची, गोळ्यांच्या पट्ट्या भरायच्या. गोळ्यांची पट्टी अडकू नये म्हणून बंदुकीच्या बाजूला रेशनचा रिकामा डबा बसवायचे. हा जुगाड ऐकून मला तुझी राजदूत फटफटी आठवली! रात्री पुन्हा सगळं खोलून पुसायचं, कारण तिथली तांबडी माती अगदी आपल्या रत्नागिरीसारखी, कुठेही शिरणारी. जखमी आणले असतील तर आतली जमीन बादल्या ओतून धुवायची. हे सांगताना बुवा स्क्रू शोधत होते. तो माझ्या हातात होता, मी बोललो नाही.

त्या युद्धात अमेरिकेची जवळजवळ 12,000 हेलिकॉप्टरं होती, त्यातली 5,000च्या वर नष्ट झाली. बुवा वर्षाची नेमणूक संपवून धडधाकट परतले. खालच्यांचं काय, हे मात्र माझ्या डोक्यातून जाईना. न राहवून विचारलं, भाताच्या खाचरात माणूस दिसला तर तो शेतकरी की गनीम, कसं कळायचं? बुवांनी मशीनची दोरी ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ते सुरू झालं आणि पुढे बोलणंच शक्य नव्हतं.

रोज सकाळी मी गाडी मागे घेतो तेव्हा बुवा कुंपणापाशी येतात आणि हात हलवून ओरडतात, ‘उजवीकडे मोकळं!’ गाडीला मागे कॅमेरा आहे हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

काकूंच्या गुडघ्याचं काय झालं? कळव.

तुझा,
बाळ्या